वाटीच्या तळाची पेज

घाटकोपरच्या भटवाडीत जाऊन ‘प्रेमा राऊळ कुठे राहतात?’ असं विचारलंत, तर कोणी धड सांगणार नाही. ‘जेवताना आवाज करणाऱ्या दशरथची बायको’ म्हणा, लगेच तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतील. माणूस जेवायला बसला की अख्ख्या मजल्याला कळायचं. सोलकढीचा भुरका असा मारायचा की समोरच्या दारातली कमल आतूनच ओरडायची, “दशरथभाऊ जेवले वाटतं!” प्रेमा अडतीस वर्षं ओरडत आली, “अवो, जरा सावकाश! लोकांना वाटेल घरात म्हैस बांधलीय.” तो वाटी खाली ठेवायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, “आवाज नाय तर चव नाय गो.”

तीन महिने झाले, त्या घरात जेवणाचा आवाज नव्हता. आणि खोटं कशाला सांगू, त्या एका भुरक्यासाठी प्रेमाचा जीव तुटत होता.

तिचं आयुष्य तसं ताटाभोवतीच गेलं. कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली, तेव्हा सासरा गिरणीत होता आणि घरात सासूचा कायदा होता. नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच ताटात बायकोनं जेवायचं. पहिल्या दिवशी प्रेमाला ते ताट पुढे ओढवेना. ओळख ना पाळख, आणि त्या माणसाचं उष्टं खायचं? डोळे मिटून तिनं ताटातला उरलेला भात ओढला, तर भाताखाली सुरमईची तुकडी. मधली, चांगली जाडजूड, सासूची नजर चुकवून दडवलेली. दशरथ दारात हात पुसत उभा होता, मख्ख चेहरा करून. ‘चोर मेला,’ प्रेमा मनात म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्या चोराची झाली.

पुढे गिरणी बंद पडली, सासू-सासरे गेले, बिऱ्हाड घाटकोपरला आलं, ताटं वेगळी झाली. पण दशरथची खोड गेली नाही. कढी असो, कालवण असो की सकाळची पेज असो, वाटीच्या तळाशी दोन घोट ठेवायचे आणि वाटी तिच्याकडे सरकवायची. तिनं तोंड वाकडं करायचं, “उष्टं कोण पिणार?” आणि पिऊन टाकायचं. हा दोघांचा ठरलेला खेळ होता. मुलगा सुयोग कॉलेजात गेल्यावर म्हणाला होता, “आई, यार, किती अनहायजिनिक!” त्याला दोघांनीही भाव दिला नाही.

दशरथ विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. एकतीस वर्षं बेडूक, झुरळं, काचेच्या नळ्या. नोकरी अशी की तिच्यातलं काहीच जेवताना सांगण्यासारखं नाही, आणि याला सांगायची खुमखुमी नेमकी जेवतानाच. वर्षातून एकदा तर हमखास, “आज साठ पोरांची थुंकी धुवून इलंय! पिठाची खळ शिजवायची, नळीत भरायची, आणि पोरांनी त्यात...” प्रेमा कानावर हात ठेवायची. “शी! घास हातात आहे माझ्या!” नळीत पुढे काय व्हायचं, ते तिनं एकतीस वर्षांत एकदाही ऐकून घेतलं नाही. हे लक्षात ठेवा.

निवृत्त झाल्यावर दशरथचा रविवार ठरलेला. मेट्रोत बसायचं, थेट वर्सोवा. कोळणींशी तासभर हुज्जत घालायची आणि मेट्रोत वास सुटू नये म्हणून मासळी एकात एक चार पिशव्यांत बांधून, जणू काही पुस्तकंच आणलीत अशा थाटात परत यायचं. जानेवारीतल्या तशाच एका रविवारी पायात चपला घालताना तो खाली बसला तो उठलाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. लकवा म्हटल्यावर एवढं जातं हे प्रेमाला ठाऊक होतं. पण गिळणंही जातं, हे कोणाला ठाऊक होतं? नाकात नळी घातली. दिवसातून सहा वेळा पिचकारीनं दूध, डाळीचं पाणी, पावडरी. पोट भरायचं, तोंड उपाशी.

दशरथला समजत सगळं होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. ‘हं’ आणि ‘नु’ एवढेच दोन आवाज. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या. घरात फोडणी बसली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, ते गिळता यायचं नाही आणि ठसका लागायचा. म्हणून प्रेमानं चूलच थंड केली. कमलकडे जाऊन दोन घास पोटात ढकलायची. कमल पाटावर ताट मांडायची आणि समोर बसायची. “नीट जेव गं. तू पडलीस तर त्यांना कोण बघणार?” प्रेमाला घास उतरायचा नाही. कोणी समोर वाटी सरकवत नाही, तर जेवून करायचं काय?

डॉक्टरांनी रुचिरा नावाची मुलगी लावून दिली. स्पीच थेरपिस्ट म्हणे, पण बोलायच्या आधी गिळायला शिकवणारी. पंचविशीची, फाटक्या तोंडाची, पण हात देवाचा. पहिल्याच दिवशी तिनं प्रेमाला बसवून घेतलं.

“काकू, आपण दिवसात पाचशे-सहाशे वेळा गिळतो. जास्त करून स्वतःची लाळच. कळतसुद्धा नाही. घशात दोन वाटा असतात, एक पोटाची, एक श्वासाची. गिळताना श्वासाची वाट क्षणभर बंद होते. काकांचीही होते, पण उशिरा. पाणी धावतं, ते दार लागायच्या आधीच छातीत घुसतं. म्हणून पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. घट्ट काहीतरी द्यायचं. ते रमतगमत जातं, दाराला वेळ मिळतो.”

“पेज?” प्रेमानं विचारलं. “उकड्या तांदळाची, घोटून दाट केलेली?”

रुचिरानं पेज करून घेतली, चमचा तिरका धरून बघितला. पेज लोंबली, धावली नाही. “झकास,” ती म्हणाली. दशरथला ताठ बसवलं, हनुवटी खाली करायला लावली. तीन चमचे दिले. तिन्ही वेळा त्याचं नरडं वर उचललं गेलं आणि खाली आलं. प्रेमा पदर तोंडात कोंबून रडली.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. एप्रिलअखेर दिवसाला तीन वाट्या तोंडानं जायला लागल्या तर नाकातली नळी काढू. नाहीतर पोटाला भोक पाडून तिथून कायमची नळी. “त्यानं माणूस छान जगतो,” असंही ते म्हणाले. असेल. पण प्रेमाच्या तोंडचं पाणी पळालं. तोंड शाबूत असताना पोटाला भोक? दशरथ राऊळच्या?

मग सुरू झालं. रुचिरा आठवड्यातून दोनदा यायची, एरवी प्रेमाच. पेज कोमट हवी. दशरथचं अर्धं तोंड बधिर, भाजलं तर कळायचं नाही. म्हणून प्रेमा प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावायची, जिभेच्या टोकानं बघायची आणि मग त्याला भरवायची. बाळाला भरवताना करतो तसं. तोच चमचा, तीच वाटी. अर्ध्या अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्याच दिवशी दशरथनं तिचं मनगट धरलं. तिच्या तोंडाकडे बोट केलं, वाटीकडे केलं आणि जोरजोरात मान हलवली. “नु! नु!”

प्रेमाला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा चमचा ओठाला लावला, त्यानं पुन्हा हात धरला. आणि मग तिला कळलं. म्हणजे, कळलं असं तिला वाटलं. याला माझं उष्टं नको.

अडतीस वर्षं ज्यानं आपलं उष्टं पाजलं, त्याला आज माझ्या ओठांची किळस? ती कमलकडे गेली आणि ढसाढसा रडली. “आजारी माणूस आहे, मनाला लावून घेऊ नकोस,” कमल म्हणाली. पण लागायचं ते लागलंच. तरी भाजलं तर? म्हणून बाईनं काय करावं? चमचा ओठाला लावायचा तेव्हा त्याच्याकडे पाठ करायला लागली. लपून. दशरथला पाठही दिसायची आणि कोपरही दिसायचं. तो डाव्या हातानं गादीवर मुठी आपटायचा. ती म्हणायची, “आपटा! मी काय विष घालतंय?”

पेज मात्र दगा द्यायला लागली. पहिले पाच-सहा चमचे सुरळीत जायचे आणि वाटी संपत आली की ठसका. दर वेळी वाटीच्या तळालाच. दमत असतील, प्रेमाला वाटलं. नजर लागली असेल म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. शेवटचे चमचे आले की दशरथ तोंड घट्ट मिटायचा, तर ही हट्टानं भरवायची, वाटी पुरी झाली पाहिजे ना, तीन वाट्यांचा हिशेब आहे! आणि एका सकाळी तो असा ठसकला की ओठ निळे पडले. रात्रीपर्यंत ताप फणफणला. छातीत पेज गेली होती. पाच दिवस हॉस्पिटल.

घरी आणला तेव्हा एप्रिलचे आठ दिवस उरले होते.

रुचिरा आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, “काकू, रोज करता तसंच सगळं करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही.”

प्रेमानं थर्मासमधून पेज काढली, वाटीत घेतली, चमचा भरला. सवयीनं दशरथकडे पाठ केली आणि चमचा ओठाला लावला.

“थांबा!” रुचिरा ओरडली. “हे काय?”

“गरम आहे का बघितलं.”

“मग पाठ का केलीत?”

बस, एवढंच निमित्त. प्रेमाचा बांध फुटला. “त्यांना चालत नाही गं बाय! माझं उष्टं चालत नाही आता. हात धरतात माझा. एवढं केलं, आणि माझी किळस...”

दशरथ मुठी आपटायला लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून “नु, नु”, आणि बोट वाटीकडे. रुचिरा एकदा त्याच्याकडे, एकदा वाटीकडे बघत राहिली. मग उठली आणि आणखी एक वाटी घेऊन आली. दोन्हींत थर्मासमधली सारखी पेज ओतली. एका वाटीत प्रेमाचा ओठाला लावलेला चमचा फिरवला. दुसरीत स्वच्छ चमचा. “आता बसा. चहा टाका हवं तर.”

चहा झाला, कप विसळून झाले. रुचिरानं दोन्ही वाट्या तिरक्या धरल्या. एकीतली पेज जागची हलेना. दुसरीतली पाण्यासारखी कडेपर्यंत धावली.

प्रेमानं वाट्या हातात घेऊन पुन्हा तिरक्या केल्या. “हे काय गं झालं?”

“लाळ. लाळेत एक रस असतो, तो पिठाचा दाटपणा मोडतो, त्याची साखर करतो. भात बराच वेळ चावला की गोड लागतो ना, तो यानंच. पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं. तुम्ही चमचा ओठाला लावून तोच वाटीत बुडवत होतात. त्यांच्या तोंडातून आलेला चमचाही त्याच वाटीत. अर्ध्या तासात तळाला पाणी.” मग तिनं दशरथकडे वळून विचारलं, “काका, तुम्हाला हे माहीत होतं?”

दशरथनं मान हलवली. हो म्हणून, चार-पाचदा.

प्रेमाच्या डोळ्यांसमोर साठ नळ्या उभ्या राहिल्या. पिठाची खळ, पोरांची थुंकी, आणि स्वतःची कानावर ठेवलेली बोटं. एकतीस वर्षं हा माणूस जेवायला बसून हेच सांगू बघत होता, आणि पंधरा दिवस हातानं, मुठीनं, जिवाच्या आकांतानं हेच सांगत होता. किळस नव्हतीच. ठसका कशानं लागतो ते त्या घरात एकट्याला ठाऊक होतं, आणि त्याला जीभ नव्हती.

ती त्याच्या गादीपाशी बसली. “म्हणजे माझ्याच तोंडानं मी तुम्हाला पाणी पाजलं? मीच मारायला बसले होते तुम्हाला?” दशरथनं डावा हात स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. बोलता आलं असतं तर काय म्हणाला असता, ते तिला स्वच्छ ऐकू आलं. ‘कप्पाळ माझा! आता कळला?’ रडता रडता प्रेमाला हसू फुटलं.

“रडायला पुढच्या महिन्यात वेळ आहे,” रुचिरा म्हणाली. “आठ दिवस उरलेत. छोटी वाटी घ्या, थर्मासमधून थोडी थोडी काढा, दहा मिनिटांत संपवा, पातळ झाली तर टाकून द्या. गरमपणा मनगटावर थेंब टाकून बघा. आणि तोंड लावायचं नाही. मीठसुद्धा चाखायचं नाही.”

“न चाखता?” प्रेमानं नाक पुसलं. “नैवेद्य कुठे चाखतो गं आपण? अडतीस वर्षं गणपतीला अंदाजानं करतंय. यांच्यासाठी करायला काय जातंय माझं?”

झालं सगळं नीट, पण आता दशरथ तोंड उघडेना. गुदमरलेला माणूस तो. चमचा दिसला की जबडा बंद. एक दिवस गेला, दोन गेले. प्रेमानं विनवलं, रागावली, शपथ घातली. काही नाही. रुचिरानं घरभर नाक फिरवलं. “तुमच्या घरात जेवणाचा वास का नाही?”

“त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं ना. मग ठसका.”

“सुटू दे! ताठ बसवून तेच तर गिळायला शिकवायचंय. कोरड्या जिभेला मीठ लागत नाही, तिखट लागत नाही. आणि चव नाही तर माणूस तोंड उघडेल कशाला? काकू, चूल पेटवा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सुयोग मेट्रोनं वर्सोव्याला गेला. बापासारखीच पिशवीत पिशवी घालून बांगडे घेऊन आला आणि दारातच म्हणाला, “कोळीण विचारत होती, मिशीवाले काका कुठे आहेत म्हणून.” दशरथनं ऐकलं. प्रेमानं तवा ठेवला, ओलं खोबरं वाटलं, त्रिफळं ठेचली. तीन महिन्यांनी त्या घरात बांगड्याच्या तिखट कालवणाचा, तिखल्याचा वास फिरला. समोरच्या कमलनंही दार उघडं टाकलं.

दशरथ उशांना टेकून ताठ बसला होता. नाकपुड्या फुलल्या. ओठांच्या कोपऱ्यात पाणी जमलं. त्यानं आपणहून हनुवटी खाली केली, आणि प्रेमानं पाहिलं, नरडं वर गेलं, खाली आलं. ठसका नाही. रुचिरानं कालवणाची दाट खरड बोटाच्या टोकाएवढी त्याच्या जिभेवर लावली. दशरथनं डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं, तिखटानं की कशानं ते त्याचं त्याला ठाऊक.

मग त्यानं तोंड उघडलं. प्रेमानं मनगटावर थेंब टाकून बघितला आणि पेजेचा पहिला चमचा भरवला.

त्या दिवशी एक वाटी गेली. दुसऱ्या दिवशी दीड. अठ्ठावीसला दोन. एकोणतीस तारखेला सकाळी एक, दुपारी एक, आणि चार वाजता तिसरी, रुचिराच्या देखत. चमच्यामागून चमचा. गिळा. पुन्हा गिळा. एक ठसका नाही. वाटीच्या तळाशी दोन चमचे उरले आणि दशरथनं तोंड मिटलं.

“काका, थोडीच राहिलीय,” रुचिरा म्हणाली. “काय झालं? दमलात?”

दशरथनं मान हलवली. नाही. डावा हात पुढे केला, वाटीला बोटं लावली आणि ती हळूहळू चादरीवरून सरकवत प्रेमाच्या गुडघ्याशी नेऊन ठेवली. मग मख्ख चेहरा करून खिडकीकडे बघत बसला.

प्रेमानं वाटी उचलली. तळाची पेज पातळ झाली होती. चमच्याबरोबर वाटीत आलेल्या त्याच्या लाळेनं आपलं काम केलं होतं. तीन महिने ज्या घोटासाठी जीव झुरत होता, तो वाटीत हलत होता. “उष्टं कोण पिणार?” ती तोंड वाकडं करून म्हणाली. वाटी ओठाला लावली आणि असा जोरात भुरका मारला, असा, की आयुष्यात कधी मारला नव्हता.

मीठ कमी होतं. फार कमी होतं.

रुचिरानं वहीत तीन वाट्या लिहिल्या. दोन चमचे कोणी खाल्ले, त्याची नोंद केली नाही.

तेवढ्यात समोरच्या घरात काहीतरी खणकन पडलं आणि कमल ओल्या हातांनी धावत उंबऱ्यात आली. “अगं प्रेमा, भुरका ऐकला मी! दशरथभाऊ जेवले?”

प्रेमाच्या तोंडात अजून पेज होती. तिला बोलता येईना. तिनं नुसती मान हलवली, जेवले म्हणून.